मिस्त्रींनी घर लावलं

मिस्त्री लोकांच्या घरी काम करत, तेव्हा लाकडाचा भुसासुद्धा सांगितलेल्या जागीच पडत असे. स्वयंपाकघरातलं कपाट बसवून झालं की आधी स्वतः केर काढायचे, प्रत्येक दार दोन-दोनदा उघडून मिटून बघायचे आणि मगच घरच्या बाईंना हाक मारायचे. "बघा, एका बोटानं मिटतंय." बुधवारी देतो म्हटलं की बुधवारी. सुतारकामात असा शब्दाचा पक्का माणूस मिळायला नशीब लागतं, म्हणून बायका त्यांचा फोन नंबर एकमेकींना अगदी जपून द्यायच्या. एखादी कौतुकानं म्हणायची, "मिस्त्री, तुमचं स्वतःचं घर म्हणजे तर बघायलाच नको!" मिस्त्री पेन्सिल कानामागे खोचत म्हणायचे, "हो, बघायलाच नको." बाई हसायच्या. मिस्त्री हत्यारं पिशवीत भरायला लागायचे.

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, मध्ये बोळ, कडेला स्वयंपाकघर. बाहेरचं दार निम्मंच उघडायचं, कारण दारामागे प्लायवुडचे सात तक्ते भिंतीला टेकून उभे होते. तक्त्यांना टेकून जुनी सायकल, सायकलीवर चादरींचं गाठोडं आणि गाठोड्यावर कधीतरी धुवायचे म्हणून काढलेले पडदे. ओट्यावर भांडी, भांड्यांत भांडी. धुतलेले कपडे दोरीवरून खुर्चीवर येत आणि खुर्चीवरून थेट अंगावर जात. घडी नावाचा प्रकार त्यांच्या नशिबी नव्हता. चहाला कप लागला की मिस्त्री ढिगातला एक ओढून विसळत आणि पिऊन झाला की पुन्हा ढिगात ठेवत. मागच्या खोलीचं दार मात्र कायम लावलेलं असे.

त्या खोलीत त्यांची बायको पाच महिने आजारी होती आणि तिथंच ती गेली. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. जन्मली तेव्हा एवढीशी होती, "ही तर इंचभरच आहे," असं मिस्त्री म्हणाले आणि तेव्हापासून सगळे तिला इंची म्हणायला लागले. बायकोची थोरली बहीण, इंचीची मावशी, बसनं दोन तासांवर दुसऱ्या गावात राहायची. सगळं पार पडल्यावर निघताना ती म्हणाली, "भाऊजी, पोरीला पंधरा दिवस घेऊन जाते. तुम्ही जरा घर लावून घ्या, मग या न्यायला."

यात कसलीच अट नव्हती. दुःखातल्या माणसाला थोडी उसंत मिळावी म्हणून बोललेलं साधं वाक्य होतं. पण मिस्त्रींनी ते धरून ठेवलं. घर लागल्याशिवाय पोरीला आणायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

आणि लावायचं तर कसं? नुसता केर काढला, चादर बदलली आणि झालं, इतक्यात भागलं तर ते मिस्त्री कसले! मागची खोली मुळापासून नवी करायची. भिंतभर कपाट, खिडकीशी अभ्यासाचं टेबल, खाली खण असलेली खाट. पहिल्याच भेटीत त्यांनी इंचीला मावशीच्या घरी फरशीवर आडवं झोपवलं, टेप लावून तिचं माप घेतलं आणि वहीत लिहिलं. खोलीचं चित्र काढून दाखवलं. इंचीनं कपाटाला पिवळा रंग सांगितला. दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींनी सात तक्ते आणून दारामागे उभे केले. रविवारी सुरू करू, म्हणाले.

तो रविवार काही उगवला नाही. म्हणजे रविवार येत, पण मिस्त्री त्या खोलीच्या दारापर्यंत जात, कडीला हात लावत आणि आधी बोळ मोकळा करायला हवा असं म्हणून परत फिरत. बोळ मोकळा करायचा तर सायकल हलवायला हवी. सायकल हलवायची तर गच्चीची किल्ली हवी. किल्ली आणायला खाली उतरलं की कुणीतरी भेटायचं, आणि कुणाचं तरी दार घासत असायचं, ते रंधा मारून द्यायला मिस्त्री एका पायावर तयार. लोकांच्या कामात त्यांना हुशारी यायची, कारण तिथं कुणीतरी समोर उभं राहून वाट बघत असायचं. स्वतःच्या घरात वाट बघणारं कुणी उरलंच नव्हतं. जे होतं ते दोन तासांवर होतं.

पहिलं वर्ष त्यांना कुणी दोष देणार नाही. ज्या खोलीतून बायको गेली त्या खोलीचं दार उघडायला हात धजावत नाही, हे कुणालाही समजतं. पण दुसऱ्या वर्षी ते दुःख राहिलं नव्हतं, ती सवय झाली होती. दुःखाच्या नावावर चालढकलीनं बरंच खपवलं. मिस्त्रींना हे कळत होतं, पण वळत नव्हतं. पसारा जितका वाढे तितकी लाज वाढे, आणि लाज वाढली की त्याकडे बघणंही नको वाटे. पंधरा दिवसांचं काम असं साडेतीन वर्षं भिजत पडलं.

दर दुसऱ्या रविवारी मिस्त्री मावशीकडे जायचे. इंची दारातच विचारायची, "बाबा, झालं का घर?"

"होत आलंय," मिस्त्री म्हणायचे.

होत आलंय! दारामागच्या तक्त्यांना करवतीचा दात लागलेला नव्हता, आणि हा माणूस आठ वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांत बघून होत आलंय म्हणत होता.

एकदा ती हट्टच धरून बसली. "मी येते ना तुझ्याबरोबर. मला केर काढता येतो. मावशीनं शिकवलाय."

"नको गं, नुसती धूळ आहे. तुला खोकला होईल. सगळं झालं की एकदमच बघ."

खरी भीती धुळीची नव्हती. लोकांची घरं चकाचक करून देणाऱ्या आपल्या बापाचं घर पोरीनं पाहिलं तर ती काय म्हणेल, ही भीती होती. इंची पिशवी भरून तयार होती. तिनं ती पुन्हा रिकामी केली आणि कपडे मावसभावाच्या कपाटात ठेवून दिले.

पहिल्या वर्षी ती दर खेपेला विचारायची. दुसऱ्या वर्षी कधीमधी. तिसऱ्या वर्षी तिनं विचारणं सोडलं, आणि खरं सांगायचं तर मिस्त्रींना त्यानं हायसं वाटलं. आता भेटीत शाळेच्या, मैत्रिणींच्या गप्पा व्हायच्या. मावशीची मुलं त्यांच्या बाबांना अहो-जाहो करायची, ते ऐकून ऐकून इंचीही मिस्त्रींना "तुम्ही" म्हणायला लागली होती. मिस्त्रींनी ते ऐकलं आणि पोरीला वळण लागलंय असं स्वतःला सांगितलं.

मग एका रविवारी मावशीनं त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. ती शांत होती, पण ठरवून बसलेली.

"भाऊजी, पुढच्या वर्षी तिला मोठ्या शाळेत घालायचंय. इथं नाव घालायचं तर फॉर्म आत्ताच भरायला लागतो. सात आठवडे आहेत. घर लागलं असेल तर तिला घेऊन जा आणि तिकडच्या शाळेत नाव घाला. नसेल लागलं तर तसं सांगा, मी इथं घालते. मला ती जड नाही. पण पोरीला असं मध्येच लोंबकळत ठेवू नका."

"नेतो की," मिस्त्री म्हणाले. "होत आलंय."

मावशी म्हणाली, "हे तुम्ही तीन वर्षं सांगताय. तिला ते पाठ झालंय. परवा मी विचारलं, गृहपाठ झाला का, तर म्हणते कशी, होत आलंय, बाबांच्या घरासारखं. आणि हसली."

मिस्त्री बसमध्ये बसले ते मान खाली घालूनच. पोरगी आपल्यावर चिडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. हसली, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

पुढच्याच रविवारी त्यांनी कंबर कसली. आज काय वाटेल ते होवो, सगळं घर एका दिवसात. सकाळी सातला त्यांनी प्रत्येक फडताळ, प्रत्येक ट्रंक, प्रत्येक खण उपसला आणि सगळं बाहेरच्या खोलीच्या मधोमध आणून ओतलं. अकरा वाजेपर्यंत कमरेएवढा ढीग झाला. साडेअकराला त्यांना ढिगात बायकोच्या औषधांची यादी सापडली, तिच्याच अक्षरातली. बाराला ते ढिगाच्या कडेला बसले होते. गॅस पेटवायचा तर ओट्यापर्यंत जायला वाट नव्हती. आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

दार उघडंच होतं. समोरच्या घरात निवृत्त झालेल्या एक नर्सबाई राहायच्या. सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणायची. त्या जिन्यावरून जाताना थांबल्या आणि आत डोकावल्या.

"मिस्त्री, चोरी झाली का?"

"नाही हो सिस्टर. आवरतोय."

"असं आवरतात होय?" सिस्टरनी एक पाऊल आत टाकलं आणि पुढचं टाकायला जागा नाही म्हणून तिथंच उभ्या राहिल्या. मिस्त्रींनी मग त्यांना सगळं सांगून टाकलं. सात आठवडे, फॉर्म, साडेतीन वर्षं, सगळं. तोवर हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

सिस्टरनी ना धीर दिला, ना बोल लावला. म्हणाल्या, "माझ्या वॉर्डात चाळीस पेशंट असायचे. आज चाळिसांना बरं करते असं ठरवून उठले असते तर दारातूनच घरी पळाले असते. पहिल्या खाटेपासून सुरू करायचं. तुम्ही सकाळी चहा करता ना?"

"करतो."

"चहा उकळेपर्यंत काय करता?"

"काही नाही. उभा असतो."

"तेवढ्यात जितकी भांडी घासून होतील तितकी घासायची. चहा झाला की थांबायचं. उरली तर उरली. कामाला निघताना घरात नको असलेली एक वस्तू खाली नेऊन टाकायची. एकच. आणि संध्याकाळी आलात की बुडाला खुर्ची लागायच्या आधी दहा मिनिटं, घड्याळ लावून, एकच कोपरा. दहा मिनिटं झाली की बसा, नाहीतर नाचा, माझी हरकत नाही."

"एवढ्यानं काय होणार सिस्टर?"

"आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जायचं नाही. दोन वेळची गोळी चुकली म्हणून तिसऱ्या वेळी तीन देतो का आपण? चुकली ती चुकली."

मिस्त्रींना हे सगळं पोरखेळ वाटलं. पण ढिगाच्या कडेला बसलेल्या माणसाला वाद घालायला तोंड नसतं. सोमवारी चहा उकळेपर्यंत त्यांची सहा भांडी झाली. निघताना फुटकी बादली खाली गेली. संध्याकाळी दहा मिनिटांत ढिगातल्या फक्त चादरी वेगळ्या झाल्या. मंगळवारी नऊ भांडी, एक मोडकी छत्री. आठव्या दिवशी कंटाळा आला, काहीच केलं नाही, आणि नवव्या दिवशी सवयीनं दुप्पट करायला निघालेले मिस्त्री सिस्टरची गोळी आठवून थांबले. तिसऱ्या आठवड्यात ओटा दिसायला लागला. चौथ्यात सायकल गेली, गाठोडं गेलं, तक्ते समोरच्या भिंतीला गेले, बाहेरचं दार पुरतं उघडलं आणि भिंतीवर जाऊन आपटलं. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकून मिस्त्री दचकले. मग एका संध्याकाळी घड्याळ लावून त्यांनी मागच्या खोलीची कडी काढली. पहिल्या दिवशी दहा मिनिटं नुसती खिडकी उघडून उभे राहिले. तेही सिस्टरनी कामात धरलं.

पाच आठवड्यांत घर लागलं.

पाच आठवडे! मिस्त्री रिकाम्या बोळात उभे राहून हिशेब करत होते आणि तो हिशेब त्यांना सोसत नव्हता. काम डोंगराएवढं असतं तर माणूस म्हणाला असता, माझ्या आवाक्यातलं नव्हतं. पण ते काम चहा उकळेपर्यंतच्या वेळात मावणारं होतं. साडेतीन वर्षांत आपण हजारएक वेळा तरी चहाचं भांडं गॅसवर ठेवलं असेल आणि त्यापुढे हात बांधून उभे राहिलो असू, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या दिवशी ते खूप रडले, आणि खोलीसाठी नाही रडले.

तक्त्यांपैकी चार ओल लागून फुगले होते. उरलेल्या तिनांत भिंतभर कपाट होणं शक्य नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, "कपाटाचं पुढं बघू, पोरीला आधी खाट हवी." मिस्त्रींनी वही काढली, माप बघितलं आणि दोन दिवसांत सुंदर खाट केली. कडा बोटाला लागू नयेत म्हणून गोल केल्या, खाली खण ठेवला, पिवळा रंग दिला. आपल्या गावातल्या शाळेचा फॉर्मही आणून ठेवला. बैल गेला आणि झोपा केला, असं कुणी म्हणू नये म्हणून त्यांनी जे जे करायचं ते सगळं केलं.

शुक्रवारी इंची आली. फॉर्म सोमवारी द्यायचा होता. मावशीनं तिच्याबरोबर आपल्या गावच्या शाळेचाही फॉर्म दिला होता, कोरा. "कुठला भरायचा ते तिचं तिला ठरवू द्या," एवढंच सांगितलं होतं.

इंची सगळं घर हिंडून बघून आली. "छान केलंय, बाबा," म्हणाली. पाहुणे म्हणतात तसं. पाणी पिण्याआधी विचारलं, "हा पेला घेऊ का?" जेवण झाल्यावर तिनं आपलं ताट घासून पालथं घातलं, आणि कुठे ठेवायचं हे माहीत नसल्यामुळे ते हातात धरून उभी राहिली.

सकाळी मिस्त्री तिला उठवायला गेले तेव्हा खाटेच्या पायथ्याशी एक स्टूल लावलेलं होतं. स्टुलावर घडी केलेली चादर आणि चादरीवर इंचीचे पाय. मिस्त्री दारातच थबकले. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलेला माणूस, की दोनदा मोजावं आणि एकदा कापावं, त्यानं सात वर्षांच्या पोरीचं माप घेऊन अकरा वर्षांच्या पोरीची खाट केली होती. इतक्या वेळा तिला भेटले, पण ती वाढतेय हे त्यांच्या वहीपर्यंत पोचलंच नव्हतं.

"अगं, रात्रीच सांगायचंस ना," मिस्त्री म्हणाले. "आज वाढवून देतो. दोन तासांचं काम आहे."

"असू दे बाबा. दोनच रात्री तर आहेत अजून."

मिस्त्रींनी तरीही ती खाट वाढवली. त्यांना दुसरं काय करावं सुचत नव्हतं.

रविवारी दुपारी दोघं बाहेरच्या खोलीत बसली. दोन्ही फॉर्म समोर होते. मिस्त्रींनी आदल्या रात्रीपासून मनात जुळवलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. शाळा चालत दहा मिनिटांवर आहे. सकाळी ते स्वतः सोडतील. घर आता असंच राहील, कारण रोज थोडंथोडंच करायचं असतं, त्यांना ते जमायला लागलंय. "खोटं नाही सांगत. पाच आठवड्यांत केलं मी हे सगळं."

इंचीनं त्यांच्याकडे बघितलं. "पाच आठवड्यांत?"

"हो."

"मग आधी का नाही केलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. वर्गात न समजलेलं गणित विचारावं तसं तिनं विचारलं होतं. मिस्त्रींनी उत्तर शोधलं. दुःखाचं सांगता आलं असतं, पण त्यातलं किती खरं होतं ते त्यांना आता ठाऊक होतं.

"लाज वाटायची," ते म्हणाले. "इतका पसारा होता. तू बघितला असतास तर..."

"मला चालला असता, बाबा."

मिस्त्री फॉर्मच्या कडा एकमेकांशी जुळवत राहिले.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," इंची म्हणाली, मावशीच्याच सुरात. "मी दर दुसऱ्या शनिवारी येईन. सुट्टीत पण येईन. पण तिकडे माझ्या मैत्रिणी आहेत. आणि मावशीच्या धाकट्याचा अभ्यास मीच घेते, तो दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही." मग तिनं विचारलं, "चालेल ना?"

"चालेल की," मिस्त्री म्हणाले. "तुला जिथं बरं वाटेल तिथं."

इंचीनं मावशीनं दिलेला फॉर्म पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. राहण्याचा पत्ता मान वर न करता एका दमात लिहून टाकला: घर क्रमांक, रस्ता, गाव. अक्षर वळणदार होतं, आईसारखं. मग खालच्या ओळीवर पेन थांबलं. तिथं वडिलांचा पत्ता हवा होता.

"बाबा," तिनं विचारलं, "इथला पत्ता काय आहे?"

मिस्त्री सांगायला लागले. घर क्रमांक सहा, दुसरा मजला. इमारतीचं नाव त्यांना दोनदा सांगावं लागलं, कारण तिला ते नीट ऐकू आलं नाही.

"हळू सांगा ना," इंची म्हणाली, आणि मिस्त्रींनी पुन्हा पहिल्यापासून, एकेक शब्द सुटा करून, आपल्या मुलीला आपल्या घराचा पत्ता सांगितला.